पाचवी सही

अनसाक्का खोटं बोलायची. हे आधीच सांगून टाकते, कारण ती गेल्यापासून जो भेटतो तो तिची मूर्ती घडवायला बसतो, आणि त्या मूर्तीतल्या बाईला मी ओळखत नाही. माझ्या ओळखीची अनसाक्का तपासणीला आलेल्या साहेबांना तोंडावर सांगायची की मुलींना रोज ताक मिळतं. ताक सोमवारी आणि गुरुवारी असायचं. मुलींना सांगायची, लसणाची चटणी संपली. बरणी तिच्या पाठीमागे, पिठाच्या डब्याआड असायची. एकदा मी म्हटलं, "आक्का, कशाला एवढं खोटं?" तर म्हणाली, "खोटं कुठलं? महिनाअखेरपतूर पुरवायचं असतंय."

निपाणीच्या बाहेर, हायवे ओलांडून शेतात शिरणाऱ्या रस्त्यावर आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. संस्थेचं नाव सांगत नाही. ती अजून चालू आहे आणि आता बरी चालली आहे. आठवीपासून पुढच्या मुली. बऱ्याचशा खानापूर, जांबोटीकडच्या, कारण तिकडे हायस्कूल गाठायचं तर अर्धा दिवस चालण्यात आणि बसची वाट बघण्यात जायचा. काही येळ्ळूरच्या, काही चिक्कोडीकडच्या कन्नड बोलणाऱ्या. अनसाक्का तिथली स्वयंपाकीण आणि मी क्लार्क. मी आठवडाभर निपाणीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी दुपारी बेळगावला, शहापूरला, घरी जायची. म्हणजे रविवारी मी तिथे नसायची. या गोष्टीचा मी पुढे बराच आधार घेतला.

ती उंच, हाडकुळी, रंगानं काळी, अंगावर नेहमी इरकली लुगडं. स्वयंपाकघराचं दार बुटकं होतं. बाकी सगळे तिथे थांबून, वाकून आत शिरत. ती न थांबता, त्याच वेगात, मान खाली घालून आत जायची आणि आत गेल्यावर बोलणं सुरू झालेलं असायचं. नावानं ती कुणालाच हाक मारत नसे. गावाच्या नावानं मारायची. "ए जांबोटी, पाणी ठेव." "ए बैलूर, परात आण." एका गावच्या दोघी असल्या तर थोरली जांबोटी, धाकटी जांबोटी. मला पहिल्याच दिवशी विचारलं, "कुठली गं तू?" मी सांगितलं. त्यानंतर अकरा वर्षं मी 'शहापूर' होते. आमचे अध्यक्ष बापूसाहेब बेळगावात कॅम्पात राहायचे, म्हणून त्यांच्या माघारी ते 'कॅम्प'. "कॅम्प येणार हाईत आज, चहात आलं घाल."

जेवणाच्या रांगेत ती मुली मोजायची नाही. रांगेकडे एकदा बघायची आणि म्हणायची, "बैलूर न्हाय आली. बघा कुठं रडत बसलीय." बैलूर खरोखरच पाण्याच्या टाकीमागे रडत बसलेली असायची. जून महिन्यात नव्या मुली रडतातच. त्यावर अनसाक्काचा एक ठरलेला इलाज होता. रडणारीच्या पुढ्यात सुपात मसूर घालून ठेवायचे. "खडे निवड. रडत निवडलंस तर खडा ऱ्हातो, आनि ज्याच्या दाताखाली येईल त्यो तुझ्या गावाचं नाव काढतोय." मुलगी डोळे पुसून निवडायला लागायची. मायेनं जवळ घेणं वगैरे तिच्यात नव्हतं. पण सुट्टीला घरी जाताना त्याच मुली ऑफिससमोरून सरळ निघून जायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगून यायच्या.

आता मंडळाची गोष्ट. संस्थेच्या घटनेत लिहिलं आहे की कार्यकारी मंडळावर सात जण असावेत आणि त्यांतला एक सेवकांचा प्रतिनिधी असावा. आधीचे प्रतिनिधी शिपाई होते, ते निवृत्त झाले. बापूसाहेब मला म्हणाले, "अनसूयाबाईंचं नाव घाला. त्यांना सही येते ना?" सही येत होती. ती चौथी शिकली होती. सातांपैकी एक सदस्य मुलाकडे बेंगळुरूला जाऊन राहिले होते आणि एक वारले होते, त्यांची जागा भरायची राहून गेली होती. उरले पाच. आणि कुठल्याही ठरावाला घटनेप्रमाणे पाच सह्या लागत.

आमच्या मंडळाची सभा कधी भरत नसे. ती माझ्या पिशवीत असायची. बापूसाहेब फोनवर ठराव सांगायचे, मी तो इतिवृत्ताच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायची, 'सर्वानुमते मंजूर' असा शेवट करायची आणि वही पिशवीत टाकून सह्या गोळा करायची. निपाणीत उपाध्यक्ष आप्पासाहेबांची. शनिवारी बेळगावात बापूसाहेबांची, डॉक्टरांची आणि मास्तरांची. हे दोघे निवृत्त गृहस्थ होते, आणि बापूसाहेबांची सही वर दिसली की खाली आपली करत. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. आमच्या भागातल्या निम्म्या संस्था अशाच चालतात. बापूसाहेब तर स्वतः वकील, सज्जन माणूस, तरी त्यांनाही वाटत नव्हतं.

पाचवी सही अनसाक्काची. ती मात्र सोहळा करायची. वही नेली की आधी हात धुवायची, पदराला पुसायची, पाटावर बसायची, चष्मा लावायची. "काय लिवलंय?" "नेहमीचंच, आक्का." "मग बरं." आणि मग एकेक अक्षर कोरल्यासारखं काढून अनसूया लिहायची, वरची रेघ शेवटी ओढायची. तीन वर्षं असं चाललं.

त्या वर्षी फेब्रुवारीत एका सोमवारी मी ऑफिस उघडते न उघडते तोच तिची हाक आली. आत गेले तर फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी तिनं माझ्यासाठी राखून ठेवली होती. आदल्या संध्याकाळची. "खा," म्हणाली. मी तुकडा मोडून तोंडात टाकला. जिभेच्या मुळाशी कडू लागलं, आणि ते कडूपण उतरेना.

"पीठ खराब आहे?"

"पीठ न्हाय. हात."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. इथे यायच्या आधी एकोणीस वर्षं ती निपाणीत तंबाखूच्या वखारीत होती. अकराव्या वर्षी आईबरोबर जाऊन बसली, चुऱ्यातल्या काड्या वेचायला. त्या हाताचा कडवटपणा साबणानं जात नाही. "आमच्या घरात पीठ आजी मळायची. आई न् मी मळलं की घरभर थुकत बसायचे." आदल्या संध्याकाळी मळायची पाळी थोरल्या आणि धाकट्या जांबोटीची होती. खरं तर नव्हती, कुणीतरी आजारी पडलं म्हणून बदलली होती. ती बदलली नसती तर हे कळलंच नसतं.

तिनं रात्री मुलींना काही विचारलं नाही. सकाळी थोरल्या जांबोटीला एकटीला शेगडीजवळ बसवून विचारलं. तेव्हा कळलं की जानेवारीपासून दर रविवारी सकाळी टेम्पो येतो, बारा मुली बसतात, आणि आप्पासाहेबांच्या वखारीत संध्याकाळपर्यंत काड्या वेचतात. मध्ये चहा-बिस्किट. धाकटी येताना वाटेत ओकते. याला शिबिर म्हणायचं असं त्यांना सांगितलं होतं. त्या बाराजणींच्या भाकऱ्या दर रविवारी अनसाक्कानंच बांधून दिल्या होत्या. "मला वाटलं झाडं लावत्यात," ती म्हणाली.

आप्पासाहेब संस्थेचे उपाध्यक्ष, आणि वसतिगृहाची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, "आक्का, आधी जरा बोलून बघू."

"बोल्लेलं हवंत जातंय. लिव."

मी अर्ज लिहिला. अध्यक्षांना. चार ओळी. बापूसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी बघतो." पुढचे दोन रविवार टेम्पो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. त्या दिवशी अनसाक्कानं भाकऱ्या बांधून दिल्या नाहीत. टेम्पो भाकऱ्यांवाचून गेला. सोमवारी आप्पासाहेब स्वतः आले. मी तिथेच होते. बुटक्या दारात ते थांबले, वाकले आणि आत आले. हातात माझ्या कपाटातली वही.

"आक्का, अर्ज केलाईस म्हणं. हे बघ, सही कुणाची हाय?"

तिनं चष्मा लावला. "माझी."

"वाचून दाखव गं हिला," ते मला म्हणाले.

मी वाचलं. 'विद्यार्थिनींना सुट्टीच्या दिवशी श्रमसंस्कार व स्थानिक व्यवसायाचा परिचय घडवण्यासाठी शिबिरे घेण्यास सर्वानुमते मंजुरी.' डिसेंबरातला ठराव. अक्षर माझं होतं. मला तो आठवतही होता. स्थानिक व्यवसाय म्हणजे निपाणीत काय असणार, हे मला लिहितानाच कळायला हवं होतं, आणि मला वाटतं थोडंसं कळलंही होतं.

आप्पासाहेब गेले. अनसाक्का भाकरी थापत राहिली. तव्यावरची उलटल्यावर म्हणाली, "तू लिवलंस व्हय?"

"हो."

"बरं."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी तिनं दुसरा अर्ज सांगितला. त्यातलं पहिलं वाक्य असं होतं: 'माझी चूक झाली, मी न वाचता सही केली.' मग मुलींचं. मग म्हणाली, "आता तुझं बी लिव." मी लिहिलं की, ठराव लिहून घेणारीनंही काही विचारलं नाही, आणि खाली सही केली. माझ्या घरी तेव्हा मिळवणारी मी एकटी होते. एक प्रत अध्यक्षांना आणि एक जिल्ह्याच्या कचेरीत, मुलांचं बघणाऱ्या खात्याला. कचेरीसाठीचं मी कन्नडमध्ये केलं, म्हणजे लवकर हलेल. तिनं ते तीनदा वाचून घेतलं. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करून तिचं कन्नड माझ्यापेक्षा पक्कं होतं. एके ठिकाणी मला थांबवून म्हणाली, "हितं 'असं वाटतं' कशाला? मला वाटलं न्हाय. चाखलंय मी."

कचेरीचं उत्तर महिन्यानं आलं. मंडळानं या तक्रारीवर काय कारवाई केली ते सभेच्या इतिवृत्तासह कळवावे. टेम्पो तेव्हापासून बंद झाला. आणि बापूसाहेबांचा फोन आला. त्यांनी सांगितलेला ठराव मी उतरवला: चौकशी करण्यात आली, तथ्य आढळले नाही, तक्रार गैरसमजातून झाली. पिशवीत घातला. चार सह्या घेतल्या. पाचवीसाठी स्वयंपाकघरात गेले.

अनसाक्कानं हात धुतले नाहीत. पिठाच्या हातानंच उभी राहिली.

"मीटिंग कवा झाली?"

मी वहीचं पान उघडून तिच्यापुढे धरलं.

"कुठं झाली गं?"

"माझ्या पिशवीत," मी म्हटलं.

ती हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "त्यांना म्हनावं, या. बसा. बोला. मग सही."

तुम्हाला वाटेल, एका स्वयंपाकिणीच्या सहीवाचून काय अडतं? घटनेवाचून अडतं. चार सह्यांचा ठराव कचेरीत गेला असता तर तिथल्या कारकुनानंही परत पाठवला असता. बापूसाहेबांना हे माहीत होतं, कारण घटना त्यांनीच लिहिली होती.

सभा एका गुरुवारी अकरा वाजता वसतिगृहाच्या जेवणघरात भरली. मुली शाळेत होत्या. मी नोकरीला लागल्यापासूनची ती पहिली खरी सभा. खुर्च्या नव्हत्या, जेवणघरातले ते बुटके लांब बाक. बापूसाहेबांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. अनसाक्कानं सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले, हात धुतले आणि त्यांच्याच ओळीत येऊन बसली.

बापूसाहेब हळुवार बोलायचे. "अनसूयाबाई, मुली आता जात नाहीत. विषय संपला असं आपण समजू या."

"माझ्या अर्जाचं काय झालं, बापूसाब?"

"चौकशी झाली."

"कुनी केली?"

"मी स्वतः आप्पासाहेबांशी बोललो."

"आनि पोरींशी?"

डॉक्टर बापूसाहेबांच्या मदतीला आले. "लहान मुलींना या भानगडीत कशाला ओढायचं?"

"टेम्पोत वडताना ल्हान न्हवत्या व्हय, डाक्टर?"

मास्तरांना हसू फुटलं; त्यांनी ते खोकल्यात घातलं. आप्पासाहेब मात्र तापले. "भाकऱ्या थापायच्या सोडून तू आम्हाला घटना शिकवणार? ही जागा कुणाच्या बापानं दिलीय, म्हाईत हाय न्हवं?"

"तुमच्या. लई चांगला मानूस. त्यांच्याच वखारीत बसल्ये मी. त्यांनी जागा पोरीस्नी शिकाय दिली, आप्पा. वखार वाढवाय न्हाय दिली."

मग बापूसाहेबांनी ती गोष्ट काढली. ते फसवत होते असं मला आजही वाटत नाही; सगळ्यांचं भलं करून मोकळं व्हावं असं त्यांना वाटत होतं. म्हणाले, "तुमचं वय झालं. पुढे कुठे जाणार? मंडळ असं ठरवतंय की स्वयंपाकघरामागची तुमची खोली तुम्हाला हयातभर."

"हयातभर म्हंजे?"

"जिवंत आहात तोवर. नोकरी असो नसो."

तिला त्या खोलीखेरीज घर नव्हतं. नवरा कधीच गेलेला, मूल नाही. निपाणीत एक भाची होती, तिची एकच खोली आणि त्यात पाच माणसं.

"लिवून देताय?"

"आत्ता. याच ठरावात."

"शहापूर, लिव."

मी भराभर लिहिलं. मला इतका आनंद झाला होता की अक्षर बिघडलं. तिनं वाचायला सांगितलं, मी वाचलं. तिनं मान डोलावली.

"लई चांगलं लिवलंय. माझ्या खोलीचं लिवून देताय, मग पोरींचं का लिवत न्हाईसा? तोंडानं म्हंताय, आता जात न्हाईत. पुढल्या वर्साला सीझन येनार हाय, तवा मी असन, नसन." मग माझ्याकडे वळली. "खोड त्ये. खोलीचं."

मी बाकाखालून तिला पाय मारला. तिनं बघितलंही नाही.

"खोड म्हनलं न्हवं."

मी खोडलं. बापूसाहेब त्या खोडलेल्या ओळीकडे बघत होते. कोर्टात जन्म गेलेला माणूस. समोरचा काय सोडतोय हे त्यांना कळत होतं. शेवटी त्यांनी वही माझ्याकडून आपल्याकडे ओढली, पेन काढलं आणि विचारलं, "काय लिहू, सांगा."

तिनं सांगितलं, त्यांनी लिहिलं. मुलींना वखारीत कामाला नेलं जात होतं. तो ठराव सभा न घेता झाला. ज्यांनी न वाचता सह्या केल्या त्यांची नावं. बापूसाहेबांनी पहिलं आपलं लिहिलं, पुढे आणखी तीन. मग थांबले. "माझं बी," अनसाक्का म्हणाली. "आनि लिवनारीचं." यापुढे कुठलीही मुलगी आईबापांना विचारल्याशिवाय वसतिगृहाबाहेर कामाला जाणार नाही. सभा खरोखर भरेल, आणि झालेलं इतिवृत्त जेवणघरात मुलींसमोर मोठ्यानं वाचलं जाईल.

आप्पासाहेब उठले. "बापूसाहेब, तुम्ही हिच्या नादाला लागताय?"

"आप्पासाहेब, बसा आणि सही करा," बापूसाहेब म्हणाले. आवाज तसाच हळुवार. "नाहीतर हिच्या अर्जाखाली मी माझी सही करतो, आणि कचेरीत तो मी स्वतः नेऊन देतो."

आप्पासाहेबांनी उभ्यानंच सही केली. डॉक्टरांनी, मास्तरांनी केली. अनसाक्कानं सगळं पुन्हा एकदा माझ्याकडून वाचून घेतलं आणि मग चष्मा लावला.

सगळे गेल्यावर मला म्हणाली, "लाथ कशाला मारलीस गं?"

"तुझ्या भल्यासाठी."

"दुखतंय," म्हणाली, आणि पोटरी चोळत दुपारच्या आमटीला लागली.

आप्पासाहेबांनी पुढच्या महिन्यात राजीनामा दिला, प्रकृतीच्या कारणास्तव. तो सभेत वाचला तेव्हा अनसाक्का म्हणाली, "प्रकृती बरी हाय की. काल बाजारात बघितलं, कलिंगड घेऊन चालले होते." बापूसाहेब म्हणाले, हे लिहायचं नाही. मी लिहिलं नाही. त्याच सभेत मंडळाच्या रिकाम्या जागा भरल्या.

त्यानंतर दर महिन्याला रात्रीच्या जेवणाआधी मी जेवणघरात इतिवृत्त वाचायला लागले. पहिल्यांदा मला फार अवघड गेलं. मुली ताटं घेऊन बसलेल्या, 'सर्वानुमते' आलं की लहान मुली खिदळायच्या. एकदा पंख्यांच्या दुरुस्तीचा ठराव वाचला, तर धाकटी जांबोटी उभी राहून म्हणाली, "झाली न्हाय दुरुस्ती." अनसाक्का पातेल्यामागून ओरडली, "लिव गं ते." त्या जेवणघराचा तो वास, आमटीची वाफ, ताटांचा खणखणाट आणि त्यात माझा वाचनाचा आवाज, आज ते सगळं आठवतं तेव्हा वाटतं, मी नोकरी म्हणून जे काही केलं त्यात तेवढंच कामाचं होतं. आता तिथे स्टीलच्या ट्रॉली आल्या आहेत. चपात्या मशीन करतं. लसणाची चटणी पाकिटातून येते आणि कधी संपत नाही.

पुढच्या वर्षी मंडळानं स्वयंपाकघर कंत्राटानं द्यायचं ठरवलं. याच्यामागे आप्पासाहेबांची माणसं होती का, हे मी सांगू शकत नाही. सभा रीतसर भरली. बोलणं झालं. अनसाक्का एकटी 'नगं' म्हणाली, बाकीचे 'हो' म्हणाले. कंत्राटदाराकडे कामाला असलेल्या बायकांना राहायला खोली लागणार होती. मी इतिवृत्त लिहिलं, वाचलं, आणि वही तिच्यापुढे ठेवताना मला वाटलं, आता ही वही फेकून देईल. तिनं हात धुतले, चष्मा लावला आणि सही केली.

बाहेर आल्यावर मीच चिडले. "आक्का, सही कशाला केलीस? तुझीच खोली गेली त्यात."

"मीटिंग झाली की. वाचलं की तू. मी नगं म्हनलं त्ये बी लिवलंईस न्हवं?"

"लिहिलंय."

"मग? खरं हाय त्ये." आणि थोड्या वेळानं, "मला इचारून घालवलं गं, शहापूर. आधी इचारत तरी कुठं होते."

एक पत्र्याची पेटी आणि मुलींनी दिलेली एक चादर, एवढं घेऊन ती भाचीकडे गेली. निरोपाचा कार्यक्रम करू म्हटलं तर म्हणाली, नारळ द्यायचा असला तर स्वयंपाकघरात द्या, खोबरं कामाला येईल. तिच्यानंतर सेवकांची प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली.

मी महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे जायची. भाचीच्या घरासमोर एक कट्टा होता, तिथे बसून ती गल्लीतल्या बायकांना त्यांच्या माहेरच्या नावांनी हाका मारत असायची. दोन वर्षांनी ती वारली. पावसाळा नुकताच संपला होता. मला निरोप उशिरा मिळाला. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं आणि गल्ली झाडून झाली होती.

शेवटचं बघितलं ते त्याआधी तीनेक आठवडे. मला बेळगावची बस धरायची होती आणि ती नको म्हणत असतानाही स्टँडपर्यंत आली. वाटेत विचारलं, "वाचतीस न्हवं?"

"वाचते."

"मोठ्यांदा?"

"हो, आक्का."

बस उभी होती. मी खिडकीशी जागा धरली. ती खाली उभी, एक हात बसच्या पत्र्यावर. तिनं विचारलं, "रविवारी काय करत्यात गं पोरी?"

मी जरा विचार केला. "काही नाही. केस धुतात. गच्चीत बसतात. एकमेकींशी भांडतात. उशिरापर्यंत झोपतात."

"उशिरा म्हंजे?"

"आठपर्यंत."

"आठ?"

ड्रायव्हरनं बस चालू केली. पुढचं मला ऐकू आलं नाही, पण तिचं बोलणं चालूच होतं. ओठ हलत होते, मान नापसंतीनं हलत होती. बस वळली तेव्हा मी मागे वळून बघितलं. ती शेजारच्या अनोळखी बाईला दोन्ही हातांची मिळून आठ बोटं दाखवत होती, आणि हसत होती.